नेरहून लोणार, ऐन वैशाखात

वैशाखाच्या उन्हात लेकराबाळांना घेऊन कोणी नेरहून लोणारला जातं का, असं तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच पाहिजे, कारण आमच्या यवतमाळ जिल्ह्यात मे महिना लागला की शहाणा माणूस दहा वाजताच दाराला पडदा ओढतो, कूलरच्या टाकीत पाणी भरतो आणि उन्हं कलेपर्यंत बाहेर तोंड काढत नाही. पण शाळेला सुट्या लागतात त्या याच दिवसांत, पुण्याकडची नातवंडं येतात तीही याच दिवसांत, आणि दोन दिवस आंबे खाऊन झाले की तिसऱ्या दिवशी घर डोक्यावर घेतात. मग गाडी काढण्यावाचून इलाज राहत नाही. शिवाय माझं आपलं एक म्हणणं आहे, आणि ते पटवून द्यायलाच मी आज बसलो आहे, की या मुलखातल्या खऱ्या नवलाच्या गोष्टी उन्हाळ्यातच उघड्या पडतात. पावसाळा सगळ्यावर हिरवी चादर घालतो; ऊन मात्र सगळं उघडं करून दाखवतं.

आमच्या लहानपणी उन्हाळ्यातला प्रवास रात्रीचा असे. छकड्यात तणस अंथरायची, वर गोधडी टाकायची, मधे पोट्टे झोपवायचे आणि चांदण्यात बैल हाकायचे. आता लेक गाडी चालवतो, पहाटे चारला निघायचं ठरवतो आणि साडेपाचला निघतो, कारण आजीच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कैरीचं लोणचं आणि पन्ह्याची बाटली यांची मोजदाद पूर्ण झाल्याशिवाय चाक हलत नाही. माझा हट्ट फक्त एका गोष्टीचा: छागल. जाड कॅनव्हासची ती पाण्याची पिशवी मी आरशाच्या दांडीला बाहेरून बांधतो, आणि दर वर्षी नातवंडं म्हणतात, "आबाजी, ही तर गळते!" गळतेच. गळते म्हणूनच ती कामाची. पाणी कापडातून झिरपतं, बाहेर कोरडी हवा त्याची वाटच पाहत असते, आणि पाण्याची वाफ व्हायची तर तिला उष्णता लागते. ती उष्णता ते पाणी दुसरीकडून कुठून आणणार? आत उरलेल्या पाण्याकडूनच ओढून घेतं. म्हणजे थोडं पाणी उडून जातं आणि बाकीचं थंड करून जातं. गाडी पळते तसा वारा लागतो, वारा लागतो तसं पाणी आणखी लवकर उडतं, आणि बाहेर बेचाळीस-त्रेचाळीसचा पारा असताना छागलीतला घोट गळ्याला गार लागतो. हीच छागल मुंबईला न्या, ती नुसती ओली राहील. तिथल्या हवेचं पोट आधीच समुद्राच्या वाफेनं भरलेलं असतं. छागलीला वऱ्हाडचं ऊनच लागतं. हा उडत्या पाण्याचा कायदा तेवढा ध्यानात ठेवा, वाटेत तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

नेर सोडून दारव्ह्याच्या रस्त्याला लागलं की दोन्ही अंगाला वावरं लागतात. पऱ्हाट्या उपटून झालेल्या, धुऱ्यावर एखादा कडुनिंब कोवळ्या पालवीनं डवरलेला, आणि जिथे अजून वखर फिरला नाही तिथे जमिनीला ह्या एवढाल्या भेगा. मी तिथे गाडी थांबवतोच. धाकट्या नातवानं पऱ्हाटीची एक काडी उचलून भेगेत सोडली तर ती जवळजवळ पूर्ण आत गेली आणि तो माझ्याकडे बघत राहिला. हात मात्र मी घालू देत नाही. विंचवालाही दुपारची सावली लागते.

ही काळी माती मोठी विलक्षण चीज आहे. तिच्यातले चिकणमातीचे कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांचे थर. पाऊस पडला की पाणी त्या पापुद्र्यांच्या मधे शिरतं आणि त्यांना एकमेकांपासून लांब सारतं, म्हणून माती फुगते. ऊन तापलं की तेच पाणी निघून जातं, पापुद्रे जवळ येतात, माती आक्रसते आणि फाटते. आता खरी गंमत पुढे आहे. भेग पडली की वाऱ्यानं, गुरांच्या खुरानं, वळवाच्या पहिल्या सरीनं वरची माती त्या भेगेत पडते. मग पाऊस येतो, माती पुन्हा फुगायला लागते, पण आता खाली आधीच जास्तीची माती येऊन बसलेली, जागा अपुरी. मग ती शेजारच्या मातीला रेटते, आणि रेटलेली माती वर सरकते. असं वर्षानुवर्षं चालतं. वरची माती खाली, खालची वर. माणसानं नांगर शोधला त्याच्या कितीतरी आधीपासून ही जमीन स्वतःला नांगरते आहे, आणि तेही बैलजोडी न लावता. फक्त तिला फाडायला कडक उन्हाळा पाहिजे. ज्या वर्षी ऊन तापतं त्या वर्षी वावर पिकतं असं म्हातारी माणसं उगाच म्हणत नसत.

या रेटारेटीचा त्रास मात्र सगळ्यांना होतो. डांबरी रस्ता दोन पावसाळ्यांत वरखाली होतो, कुंपणाचे खांब कलतात, भिंतीला चीर जाते. म्हणूनच आपल्या जुन्या माणसांनी पिकायला काळी आणि राहायला पांढरी अशी वाटणी करून ठेवली होती. लेक खड्डे चुकवत होता आणि ठेकेदाराच्या नावानं बोटं मोडत होता. मी म्हटलं, अर्धा दोष मातीकडे दे.

दारव्ह्याला चहा. तिथे अडीच फूट रुंदीचा रूळ पाहायला मिळतो, आपल्या शकुंतलेचा. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला जाणारी ही छोटी रेल्वे इंग्रजांच्या किलिक निक्सन कंपनीनं घातली, कशासाठी, तर याच काळ्या मातीतला कापूस मुंबईच्या बंदरातून मँचेस्टरला न्यायला. वाफेचं इंजिन जाऊन डिझेलचं आलं ते थेट 1994 साली. आता गाडी बंद आहे आणि रुळांवर गवत आहे. पुण्याच्या नातीला मी सांगितलं की तुझी आजी लग्न होऊन याच गाडीनं आली, आणि वाटेत उतरून लोकं बोरं तोडून परत चढत, तर तिला ते खरं वाटेना. आजी मात्र गालातल्या गालात हसली.

कारंजा लाडला आजी गुरुमंदिरात गेल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. नृसिंह सरस्वतींचं हे जन्मगाव, दर्शन झालंच पाहिजे, आणि ते होईपर्यंत सूर्य चांगला वर येतो. मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण गावापासून जवळच कारंजा-सोहोळचं अभयारण्य आहे आणि तिथला मानकरी उन्हाला भिणारा नाही. काळवीट. झाडी नाही, डोंगर नाही, नुसतं पिवळं पडलेलं गवत, आणि त्यात एक नर उभा: पाठ काळीभोर, पोट पांढरं, डोळ्याभोवती पांढरं कडं, शिंगांना मळसूत्राचे पीळ. भोवती बदामी रंगाच्या बिनशिंगाच्या माद्या. धावायला लागला की ताशी ऐंशी किलोमीटरपर्यंत जातो, म्हणजे आमचा लेक त्या रस्त्यावर चालवतो त्याहून जास्त.

"आबाजी, याला ऊन काहून लागत नाही?" धाकट्यानं विचारलं, आणि प्रश्न बरोबर होता. ऊन लागतंच. धावलं की अंगातलं रक्त चांगलंच तापतं, आणि तापलेलं रक्त मेंदूत जाणं धोक्याचं. पण काळविटाच्या, तशीच शेळी-मेंढीच्या डोक्यात एक जाळी असते. श्वास आत-बाहेर होतो तसं नाकातल्या ओल्या कातडीवरून पाणी उडतं, तिथलं रक्त गार होतं. ते गार रक्त परत जाताना मेंदूच्या तळाशी एका पोकळीत येतं. मेंदूकडे निघालेली गरम रक्ताची वाहिनी नेमकी त्याच जागी बारीक बारीक फाट्यांत फुटते, त्या गार रक्तातून आपलं जाळं काढते आणि पलीकडे पुन्हा एक होते. रक्तात रक्त मिसळत नाही, पण उष्णता इकडून तिकडे जाते. अंग तापलेलं आणि डोकं थंड! पटलं ना, आपल्या छागलीचाच कायदा, फक्त देवानं तो नाकात बसवला आहे. तापलेल्या अंगावर डोकं थंड कसं ठेवावं हे आमच्या घरच्या ड्रायव्हरनं काळविटाकडून शिकावं, असं आजी म्हणाली, आणि तेवढ्यात सगळा कळप उड्या मारत दिसेनासा झाला.

कारंज्याहून समृद्धी महामार्गाला लागलो. या रस्त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला, आणि जनावरांना आरपार जाता यावं म्हणून त्यावर ठिकठिकाणी खास वाटा ठेवल्या आहेत. गाडीनं वेग घेतला तशी पोरं ओरडली, "आबाजी, समोर पाणी!" रस्त्यावर लांब चकचकीत डबकं, त्यात पुढच्या ट्रकची उलटी सावलीसुद्धा. गाडी तिथे पोचेपर्यंत डबकं पुढे सरकलेलं. मोठ्या नातवानं मोबाईलमध्ये फोटो काढला आणि फोटोतही पाणी आलं, तेव्हा तो चक्रावला, कारण डोळ्याला भास होतो हे त्याला मान्य होतं, पण मोबाईलला कसा होईल? अरे, भास नाहीच तो. तिथून उजेड खरोखरच येतो आहे. डांबर तापतं, त्याला लागून असलेली वीतभर हवा तापून विरळ होते, तिच्यावरची हवा त्यामानानं गार आणि दाट. आभाळाकडून तिरपा खाली येणारा उजेडाचा किरण त्या विरळ हवेत शिरला की वाकत वाकत पुन्हा वर उचलला जातो आणि आपल्या डोळ्यात येतो. म्हणजे रस्त्यावर जे चमकतं ते आभाळ असतं. आणि ते जवळ का येत नाही? कारण हा किरण अगदी थोडासाच वाकतो. फार तिरकं, लांबवर पाहिलं तरच तो सापडतो. आपण पुढे गेलो की सापडण्याची जागाही तेवढीच पुढे जाते.

मेहकरच्या अलीकडे रस्त्यासाठी टेकडी कापली आहे, तिथे मी पोरांना खिडकीतून भिंतीकडे पाहायला लावलं. काळा दगड, त्यावर तांबूस पट्टा, पुन्हा काळा दगड, पुन्हा पट्टा. टोपलीत भाकरींची चवड रचावी तसे हे थर एकावर एक पडले आहेत. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथली जमीन लांबच लांब फाटली आणि आतून लाव्हा वाहत आला. डोंगराच्या तोंडातून उसळणारा ज्वालामुखी चित्रात दिसतो तसा प्रकार इथे फारसा नव्हता. फटींतून रस निघायचा, मैलोन्‌मैल पसरायचा, थंड व्हायचा. मग मधे काही काळ शांत, वरच्या दगडाची माती, तांबूस धूळ, कुठे तळं, कुठे झाडं. आणि मग पुढचा लोंढा. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख या दगडानं झाकला आहे. सह्याद्रीत चवडीची उंची दोन किलोमीटरच्या घरात जाते, आपल्याकडे पूर्वेला ती पातळ होत येते. नेरच्या वावरातली माती म्हणजे याच दगडाचं पीठ, उन्हापावसानं दळलेलं. विहीर खणताना पांढऱ्या चमकत्या गारगोट्या निघतात त्याही याच लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळीत पुढे पाणी झिरपून तयार झालेल्या. आणि आपल्याच जिल्ह्यात वणी-पांढरकवड्याकडे शिबला-पारडी भागात 2021 साली रस्त्याच्या खोदकामात पैलू पाडल्यासारखे दगडी खांब निघाले, तेही लाव्हा थंड होताना आक्रसून, भेगाळून झालेले.

"तेव्हा डायनोसॉर होते?" होते ना! आणि शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा म्हणून गाव आहे, तिथे त्यांची हाडं सापडतात, आणि हाडांबरोबर आणखी एक वस्तू सापडते. शेण. दगड झालेलं शेण. आजी म्हणाली, जेवायच्या गोष्टी करा. पण पोट्टे आता हटायला तयार नव्हते. त्या शेणाच्या दगडाचे तुकडे शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तर त्यात गवताच्या पानातले काचेसारखे बारीक कण निघाले. 2005 साली ही गोष्ट जगापुढे आली आणि मोठमोठे पंडित चकित झाले, कारण तोवर असं धरून चालत की डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतंच मुळी. पोटात काय गेलं हे शेवटी शेणानं सांगितलं, आणि हे कोणत्याही गुराख्याला विचारलं असतं तरी तो म्हणाला असता की जनावर काय खातं ते शेणावरून कळतं.

लोणारला पोचलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. अशा वेळी विवरात उतरायचं नाही; दुपार ओळखीच्या घरी काढली आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता काठावर जाऊन उभे राहिलो. जवळजवळ गोल खड्डा, या काठापासून त्या काठापर्यंत पावणेदोन किलोमीटरहून जास्त, खाली झाडीचं कडं, मधे हिरवट पाणी. सपाट मुलखात अचानक एवढा गोल खड्डा! पूर्वीच्या लोकांनी लवणासुराची कथा सांगितली: तो राक्षस इथे जमिनीखाली दडून बसला होता, विष्णूनं अंगठ्यानं वरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं, त्या विष्णूचं दैत्यसूदन मंदिर गावात आहे, कोरीवकाम पाहण्यासारखं. पुढे 1823 साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं या जागेची नोंद केली, आणि नंतर दीडशे वर्षं विद्वानांचा वाद की हे ज्वालामुखीचं तोंड की आणखी काही. शेवटी खोल भोकं पाडून खालचा दगड वर काढला, तेव्हा त्यात अशी काच सापडली जी दगडातला स्फटिक न वितळता, केवळ भयंकर दणक्यानं होते. 1973 साली ते छापून आलं. झाकण खरोखरच उडालं होतं, पण आभाळातून आलेल्या धोंड्यानं. धोंडा किती मोठा? साठेक मीटरचा असावा असा अंदाज करतात; खड्डा दगडाहून कितीतरी मोठा पडतो तो त्याच्या वेगामुळे. चवडीतल्या भाकरी काठाशी वर उचललेल्या, काही ठिकाणी चक्क उलटलेल्या दिसतात. कधी पडला यावर मात्र दोन मोजण्यांचं जमत नाही: एक म्हणते 52 हजार वर्षं, दुसरी म्हणते 5 लाख 70 हजार.

काठावरच्या धारेचं पाणी गोड. बारमाही वाहतं, लोक तिथे अंघोळ करतात. तेच पाणी खाली तळ्यात जातं आणि तोंडात धरवत नाही असं होतं. तळ्यात पाणी येतं, बाहेर जायला वाट नाही. जाणारं जातं ते फक्त उन्हानं, वर. उडत्या पाण्याचा तोच कायदा! पाणी उडतं, दगडातून आलेले खार मागे राहतात, हजारो उन्हाळ्यांचे खार. आईन-ए-अकबरीतसुद्धा या खाराचा उल्लेख आहे. त्यापासून साबण आणि काच होत असे. पोरांनी पाण्यात बोटं बुडवली तर ती बुळबुळीत झाली. मग मी आजीकडून हळदीचे डाग पडलेलं दशम्यांचं फडकं मागून घेतलं आणि त्यावर तळ्याचे चार थेंब टाकले. पिवळा डाग बघता बघता तांबडा! पोरांनी तोंडाचा आ केला. आजी शांतपणे म्हणाली, "त्यात काय? हळदीला चुना लावून कुंकू असंच तर होते." खार आणि चुना हळदीला सारखेच लागतात, हे तिला न शिकवता ठाऊक.

आणि आता माझ्या म्हणण्याचा शेवटचा पुरावा. 2020 सालच्या जून महिन्यात हे अख्खं तळं गुलाबी झालं. लोक धावले, वर्तमानपत्रांत फोटो आले, प्रकरण नागपूरच्या उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं. निघाले काय, तर खाराची आवड असलेले अतिसूक्ष्म जीव. उन्हाळ्यानं पाणी आटलं, खार दाट झाला, इतरांना जगणं अवघड झालं आणि या मंडळींचं मात्र फावलं. त्यांच्या अंगात गुलाबी रंग असतो, कशासाठी, तर कडक उन्हापासून स्वतःला वाचवण्यासाठी. पाऊस आला, खार पातळ झाला, रंग ओसरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात तळ्याला रामसर या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत जागा मिळाल्याचं जाहीर झालं. आता सांगा, वैशाखाला शिव्या देऊन भागेल का? वावर नांगरतो तो, छागल गार करतो तो, रस्त्यावर आभाळ अंथरतो तो, आणि तळ्यात रंग कालवतो तोही तोच.

हे सगळं मी रात्री जेवताना पुन्हा एकदा नीट जुळवून सांगितलं आणि मोठ्या आशेनं पोरांना विचारलं की प्रवासात सर्वात जास्त काय आवडलं. दोघंही नातू आणि पुण्याची नात, तिघं एका तोंडानं म्हणाले, "डायनोसॉरचं शेण!" न पाहिलेलं. तेव्हा पुढच्या मे महिन्यात पिसदुरा ठरलं आहे. आजीची हरकत नाही. तिनं फक्त एवढंच विचारलं, की वाटेत एखादं चांगलं देऊळ लागतं का.